हंबीररावाची तेलबंदी

अरबांनी तेल अडवल्याची बातमी हिंगणखडीत सांगलीच्या पेपरातून आली. पेपर गावात एकच यायचा, तोही हंबीररावाकडं. तिथंच सगळं बिघडलं.

हंबीरराव वरच्या आळीचा कारभारी आणि गावातल्या एकुलत्या एक पिठाच्या गिरणीचा मालक. गिरणी डिझेलच्या इंजिनावर चालायची. त्यानं पारावर बसून बातमी मोठ्यानं वाचली. इस्रायलबरोबरच्या लढाईत जे शत्रूच्या बाजूनं गेले त्यांचं तेल अरबांनी बंद केलं होतं, आणि तिकडं गोरे साहेब सायकलीवरून हापिसला निघाले होते. वाचून झाल्यावर त्यानं पेपराची नीट घडी घातली आणि खालच्या आळीच्या नाथाजीकडं बघितलं.

खंडोबाच्या पौषातल्या यात्रेत पालखीचा पुढचा दांडा खांद्यावर घ्यायचा मान नाथाजीच्या घराकडं होता. आजा गेला, बाप गेला, दांडा राहिला. हंबीररावाकडं ऊस होता, गिरणी होती, फटफटी होती. पण पालखीत तो मागं असायचा, आणि मागच्याला देव दिसत नाही, पुढच्याची टाळू दिसते. इतकी वर्षं नाथाजीची टाळू बघून त्याची भक्ती आटत आली होती.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात त्यानं जाहीर केलं, "खालच्या आळीचं दळण बंद. पुढचा दांडा सोडा, पीठ न्या."

पारावरच्या रिकामटेकड्यांनी लगेच नावं ठेवली. हंबीरराव अरब झाला आणि खालची आळी अमेरिका. खालच्या आळीला याचा थोडा आनंदच झाला. त्याआधी तिला कुणी काहीच म्हणालं नव्हतं.

शेजारच्या गावची गिरणी डिझेलावाचून कधीच थंड पडली होती. इस्लामपूरला जावं तर पायली दळायला अख्खा दिवस रांगेत मोडायचा. मग नाथाजीच्या परड्यात कोंबड्यांच्या पाण्याला लावलेलं जातं धुऊन घरात आलं. बायको बनुबाईचा खांदा आखडलेला. मुलगा ज्योतिराम पलटणीत, सरहद्दीवर. राहिली सून शालू. ती सातव्या महिन्यात होती. ती जात्यावर बसली.

"आवं, देऊन टाका तो दांडा," बनुबाई म्हणाली. "पोर अवघडल्याली हाय."

"आपण नमलो तर जग काय म्हणंल?"

"जगाला आपली आळी ठावं तरी हाय का?"

अमेरिकाही नमली नव्हती, असं नाथाजीनं पारावर ऐकलं होतं.

रोज संध्याकाळी वरच्या आळीच्या बाया दळणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन गिरणीकडं जायच्या. मग इंजिन सुरू व्हायचं. पुक पुक पुक. आवाज खालच्या आळीत घराघरांत शिरायचा आणि शालूच्या जात्याची घरघर त्यात बुडून जायची. गिरणीच्या मागं डिझेलची तीन पिंपं कुलपात होती. हंबीररावाचा गडी ज्ञानू काठी घेऊन राखणीला बसलेला असायचा.

एक दिवस बनुबाई नदीवरून धुणं घेऊन आली ती विचारातच.

"हंबीररावाच्या भावजयीच्या, मनुबाईच्या, तळहाताला फोड हायत. गिरणीत दळणारीला फोड कशानं आलं?"

"भांडी घासून आलं असतील."

"राखंनं फोड येत न्हाईत."

"बाईमाणसानं राजकारणात पडू न्हाई," नाथाजी म्हणाला आणि त्यानं भाकरी मोडली. भाकरी शालूनं दळलेल्या पिठाची होती.

त्याच आठवड्यात शालू जात्यावर खुंटा धरल्या धरल्याच आडवी झाली. सुईण राहीबाई आली. पोटावर हात ठेवून बराच वेळ बसली. मग नाथाजीला म्हणाली, "पोर हाय अजून. पण आता हिनं बाळंत हुस्तवर उठायचं न्हाई. जात्याला हात लावला तर मला बोलवू नगा."

नाथाजी तसाच देवळात गेला. हंबीररावाला निरोप धाडला. गावासमोर त्यानं मुठीत भंडारा उचलून पुढचा दांडा सोडला. भंडारा उचलून दिलेला शब्द हिंगणखडीत परत घेत नाहीत. हंबीररावानंही भंडारा उचलला. "उद्यापास्नं दोन्ही आळ्यांत दुजाभाव करणार न्हाई." त्याचे डोळे भरून आले होते.

सकाळी उजाडताच नाथाजी ज्वारीचं पोतं खांद्यावर टाकून गिरणीवर हजर. हंबीररावानं स्वतः कुलूप काढलं. नाथाजीनं कौतुकानं पहिल्या पिंपावर थाप मारली. ठण्ण वाजलं. दुसरं वाजलं. तिसरंही.

"ही रिकामी हायत."

"महिना झाला की."

"आन रोज इंजिन वाजायचं त्ये?"

"एक डबा बाजूला ठेवला हुता. आवाजापुरता. कालच संपला बघ, खंडोबाची किरपा."

नाथाजीनं पोतं खाली ठेवलं. "मग तुमच्या बाया पाट्या घिऊन यायच्या त्या?"

"यायच्या, बसायच्या, तशाच माघारी जायच्या. घरात दारं लावून दळायच्या, जात्याखाली गोणपाट घालून. लय सोसलं गड्या बायांनी." हंबीररावाचा आवाज अभिमानानं जड झाला. "पर एकीनं तोंड उघडलं न्हाई."

"तू शब्द मोडलास, हंबीरराव."

"कुठं रं? दुजाभाव न्हाई म्हणालो. आता तुझंबी दळत न्हाई, माझंबी दळत न्हाई."

"मग माझा दांडा दे माघारी."

"भंडारा उचललास की रं," हंबीरराव दुखावल्यासारखा म्हणाला. "देवाच्या कामात मी कोण?"

ज्ञानूनं पिंपांना परत कुलूप घातलं आणि काठी घेऊन समोर बसला. त्याला कुणी ऊठ म्हणालं नव्हतं.

यात्रेच्या दिवशी पालखी दिवेलागणीला निघाली. रॉकेल मिळत नसल्यानं गॅसबत्त्या नव्हत्या. एकच दिवटी होती, ती देवाच्या तोंडासमोर. बाकी सगळा काळोख.

नाथाजी घरात जात्यावर बसला होता. समोर बनुबाई चांगल्या हातानं खुंटा ओढत होती. गावात गडीमाणूस जात्यावर बसत नाही, म्हणून दार लावून घेतलं होतं. आतल्या खोलीतून शालूनं लाजून विचारलं, "आत्ती, मी उठू का?" बनुबाई म्हणाली, "पड गप."

पालखी खालच्या आळीत शिरली. पुढच्या दांड्याच्या माणसाच्या पायावर पाणी घालायची रीत. काळोखात तोंड दिसेना, तेव्हा बाया सवयीनं दारादारातून म्हणू लागल्या, "थांबा वाईच, नाथाजीबाबा!"

"नाथाजी न्हवं, मी हाय!" हंबीरराव ओरडला. "हंबीरराव!"

पुढच्या दारात पुन्हा तेच. "नाथाजीबाबा, पाय म्होरं करा."

"आरं मी हाय! मी!"

ओरडणं जवळ आलं, दारापाशी आलं. बनुबाईनं हात थांबवला.

"वळखना कुणी त्याला. जावा, सांगा जावा लोकांस्नी."

नाथाजीनं उजवा खांदा चोळला आणि जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी टाकली.

"ओढ," तो म्हणाला. "उद्याच्या भाकरीचं राहिलंय."