पायरीवरची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. साधी, प्लॅस्टिकची. बाटलीला कसली आलीय जीवनकहाणी, असं म्हणून नाक मुरडू नका. मी सायकलच्या शर्यतीतली बाटली आहे आणि कित्येक हंगाम एकाच माणसाबरोबर फिरले आहे. हे भाग्य आमच्यात सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यात गरम प्लॅस्टिक शिरलं, आत हवा फुंकली गेली, साचा उघडला आणि मी बाहेर पडले. माझ्यामागून तशीच दुसरी, मग तिसरी. आम्ही इतक्या बहिणी होतो, की कुणाची कुणाशी ओळख व्हायला उसंतच मिळाली नाही. अंगावर एका संघाचा निळा रंग चढला, आम्हाला खोक्यांत भरलं आणि आमची ताटातूट झाली. शर्यतीतल्या बाटलीचं आयुष्य जेमतेम एका दिवसाचं असतं. स्वार पाणी पितो आणि रिकामी बाटली रस्त्याकडेला भिरकावतो. नशीब असेल तर कुणी हौशी माणूस आठवण म्हणून उचलून नेतो, नाहीतर गटारात लोळायचं.

मीही तशीच गेले असते. पण मी पाणक्याच्या हाती लागले.

त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण शर्यतीत त्याला सगळे पाणक्याच म्हणत. या शर्यती संघांच्या असतात. संघातला एक जण जिंकायचा असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी राबायचे असतात. कुणी त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, कुणी त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं चाक काढून द्यायचं. आमच्या माणसाकडे पाण्याचं काम होतं. मागे संघाच्या गाडीपाशी जायचं, भरलेल्या बाटल्या घ्यायच्या, सदऱ्यात पुढे-मागे कोंबायच्या आणि त्या कुबडासकट सगळा घोळका ओलांडून आपल्या लोकांपर्यंत पोचायचं. पुढून एक हात मागे यायचा, बाटली घ्यायचा आणि निघून जायचा. त्या हाताचा मालक वळून बघत नसे. सगळ्यांना देऊन होईपर्यंत पहिल्याच्या घशाला पुन्हा कोरड पडलेली असे.

बाकीच्या बाटल्या फेकल्या जात, मला मात्र तो फेकत नसे. रोज संध्याकाळी हॉटेलच्या बेसिनमध्ये साबणाने धुऊन खिडकीत उपडी ठेवी. मी त्याची लाडकी होते वगैरे मी म्हणणार नाही. दिवसभर इतरांच्या बाटल्या वाहिल्यावर एखादी तरी आपली असावी, असं त्याला वाटत असेल. त्याला एक वाईट खोड मात्र होती. विचारात पडला की माझं तोंड दातांनी चावत बसायचा. माझं टोक बघा, अजून खरखरीत आहे.

त्या खोल्याही सगळ्या सारख्याच असत. एक पलंग, एक बॅग आणि खिडकीत मी. जोडीदार खाली हसत-खिदळत जेवत बसत. हा लवकर जेवून वर येई आणि घरी फोन लावी. आई गेल्यापासून घरी बाबा एकटेच होते. ते वेल्डर. घराला लागूनच त्यांचं दुकान. फाटकं, जाळ्या, जिन्याचे कठडे करायचे. ठोकाठोकीत कान गेलेले, त्यामुळे फोनवर इतके मोठ्याने बोलत की मला खिडकीतही शब्दन् शब्द ऐकू येई.

"कितवा आलास?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"आलो बाबा, मागच्या घोळक्यात."

"पुन्हा मागच्या घोळक्यात! मग तू करतोस तरी काय तिथे?"

"पाणी देतो सगळ्यांना."

"वा! इथे होतास तेव्हा बापाला कधी पेलाभर पाणी आणून दिलं नाहीस, आणि तिथे साऱ्या जगाला पाजतोस होय!"

बाबा हसले. पाणक्याही हसला. पण फोन ठेवल्यावर तो मला हातात घेऊन किती तरी वेळ भिंतीकडे बघत बसला. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं. मी तरी काय करणार? बाटलीला गप्प बसण्यापलीकडे काय येतं?

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शर्यतीच्या नियमांचं एक जाडजूड पुस्तक असतं. पण काही नियम त्या पुस्तकात नसतात. पुढे असलेला स्वार पडला किंवा त्याची साखळी निसटली, तर त्या संधीचा फायदा घेऊन पळायचं नाही. कुणी लघवीला थांबला, तर तेवढ्यात डाव साधायचा नाही. मोडला नियम तर शिक्षा होत नाही. फक्त त्या माणसाशी मग कुणी धड बोलत नाही, अडीनडीला कुणी पाण्याचा घोट देत नाही. त्यापेक्षा शिक्षा बरी.

त्यातलाच एक नियम घराचा. शर्यत एखाद्याच्या दारावरून जात असेल, तर तो घोळक्यातल्या वडीलधाऱ्या स्वाराकडे परवानगी मागतो. आमच्या घोळक्यातल्या त्या वडीलधाऱ्या स्वाराला सगळे थोरले म्हणत. थोरल्यांनी हात वर केला की सगळे पाय सैल सोडतात. तो एकटा पुढे जातो, घरच्यांना भेटतो, तोवर घोळका येतो आणि हा त्यात मिसळतो. अट एकच. पुढे सोडलेल्याने थांबायचं.

इतक्या वर्षांत शर्यत पाणक्याच्या दारावरून कधी गेली नव्हती. त्या वर्षी गेली. आदल्या संध्याकाळी त्याने फोन केला.

"बाबा, उद्या आपल्या रस्त्याने जाणार आहे शर्यत."

"कळलं. मला काम आहे. एका फाटकाची घाई आहे."

"मग दुकानातच असाल ना?"

"दुकानात नसेन तर जाईन कुठे? आजवर कधी बंद ठेवलंय का मी दुकान?"

तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. त्या रात्री त्याने माझं तोंड चावलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाव जवळ आलं तसा तो थोरल्यांच्या बाजूला गेला. "पुढे माझं घर आहे," एवढंच म्हणाला. थोरल्यांनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटतं, पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. "अरे, मग सांगायचं नाही का आधी! जा," ते म्हणाले आणि त्यांनी हात वर केला.

निघण्याआधी त्याने मला काठोकाठ भरून घेतलं होतं. गार पाणी, बर्फाचे खडे घातलेलं. तो एकटाच पुढे निघाला. काय सांगू मित्रांनो, त्या दिवशी रस्ता किती मोठा दिसत होता! समोर कुणाची पाठ नव्हती. दुतर्फा माणसं टाळ्या वाजवत होती आणि त्या टाळ्या चक्क आमच्यासाठी होत्या. तो मधूनच स्वतःशी हसत होता.

वळण घेतलं आणि घर आलं. दुकानाचं शटर खाली होतं. घराला कुलूप होतं.

तो फाटकापाशी उतरला. त्या फाटकाची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते, नवख्या माणसाला ती उघडत नाही. त्याने ती सहज उघडली, मला हातात घेऊन आत आला आणि दार वाजवलं. कुलूप दिसत असताना वाजवलं. मग दोनदा "बाबा" अशी हाक मारली.

त्याच्या कानात संघाच्या मॅनेजरशी बोलायचं यंत्र बसवलेलं असे. आवाज आला, "काय झालं? भेटले का?"

"कुलूप आहे, साहेब."

"मग उत्तमच! सुटलास! तू एवढा पुढे आहेस. आता घाट चढलास की पलीकडे सगळा उतारच. निघ, थांबू नकोस."

"मला थांबण्यासाठी सोडलंय."

"अरे, भेटायला माणूसच नाही, तर थांबायचं कुणासाठी? पुढच्या वर्षी तुला संघात ठेवायचं की नाही, यावर वर घोळ चाललाय. आज पहिला आलास तर कुणाची बोलायची छाती होणार नाही. आणि थांबायचंच, असं लिहिलंय कुठे?"

"कुठेच नाही, साहेब," पाणक्या म्हणाला आणि त्याने कानातलं यंत्र काढून टाकलं.

मग तो पायरीवर बसला. मला बाजूला ठेवलं. रस्ता मोकळा होता. त्याचं एक पाऊल सारखं हलत होतं, जणू पायडलवरच आहे. जन्मात कधी पहिला न आलेला माणूस, आणि समोर एवढा रिकामा रस्ता! मला तर ओरडावंसं वाटलं, की जा रे बाबा, जा. तो गेला नाही. त्याने गुडघ्यांवर कोपरं टेकली आणि तो आपल्याच दाराशी पाहुण्यासारखा बसून राहिला. त्याच्याइतका एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

घोळका आला. थोरल्यांनी फाटकाशी वेग कमी केला.

"झाली भेट?"

"घरी कुणी नाही."

"मग बसलायस काय?"

"तुमचीच वाट बघतोय."

थोरल्यांनी नुसती मान हलवली आणि त्याला सायकलवर बसायला वेळ मिळेल इतके ते रेंगाळले. निघताना पाणक्याने मला उचललं. मग एकदम थांबला. पुढे उन्हातला घाट होता. तरीही त्याने मला पुन्हा पायरीवर ठेवलं. उभी, झाकण घट्ट लावून, दाराच्या अगदी मधोमध. आणि तो बाटलीच्या रिकाम्या खोबणीची सायकल घेऊन गेला.

मी दुपारभर तिथे उभी होते. माझ्यातला बर्फ विरघळला. रस्त्यावर आमच्या कितीतरी बहिणी पडल्या होत्या, गाड्यांखाली चेपत होत्या. मला चेपणारं कुणी नव्हतं, आणि घेणारंही नव्हतं.

दिवस कलता कलता फाटकाची कडी वाजली. बाबा आले. इस्त्रीचा सदरा घातलेला, चेहरा उतरलेला. बरोबर शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी होत्या.

"उगाच गेलो मी घाटावर," बाबा म्हणत होते. "दारावरून भुर्रकन जातात, घाटावर हळू होतात, चेहरा नीट दिसतो म्हणाले लोक. म्हणून दुकान बंद केलं. जन्मात पहिल्यांदा बंद केलं!"

"पण दिसला ना तुम्हाला?"

"दिसला! आधी कर्ण्यावरून सांगितलं, की एक जण एकटा पुढे आहे. त्याचा नंबर सांगितला. मी सगळ्यांना सांगत सुटलो, हा माझा मुलगा, हा माझा मुलगा. आणि मग आले सगळे गठ्ठ्याने, अन् हा आपला मागे! लोक म्हणाले, दम नाही हो त्याच्यात. मला मान वर करवेना."

"जाऊ दे हो भाऊ. ती बाटली उचला आधी, पाय पडेल. फेकली असेल कुणीतरी. रस्त्यावर ढीग पडलाय."

बाबा वाकले. मला उचलणार, तेवढ्यात त्यांचा हात थांबला.

"वहिनी, फेकलेली बाटली उभी राहत नाही."

त्यांनी फाटकाच्या कडीकडे बघितलं. मग मला हातात घेतलं. माझ्या चावलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. "पेन्सिलींचंही असंच करायचा," ते म्हणाले. मग ते पायरीवर बसले, नेमके तो बसला होता तिथे. झाकण उघडलं आणि माझ्यातलं कोमट झालेलं पाणी हळूहळू, थेंबही न सांडता, सगळं प्यायले. वहिनी आपल्या घरी निघून गेल्या.

पुष्कळ वेळाने त्यांनी फोन लावला.

"दुकान बंद होतं, बाबा," पाणक्या म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती.

"मी घाटावर होतो. तुला बघायला."

तो म्हणाला, "मला दिसला नाहीत."

"मी तोंड फिरवलं होतं," बाबा म्हणाले. त्यांचा एवढा हळू आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "तू थांबला होतास, हे मला माहीत नव्हतं रे."

"पाणी प्यायलात?"

"प्यायलो."

पुढच्या वर्षी त्या संघाने पाणक्याला ठेवलं नाही. तो दूरच्या एका लहान संघात गेला आणि तिथेही पाणीच वाहतो. घरी क्वचित येतो. मी दुकानातल्या फळीवर असते, वेल्डिंगच्या कांड्यांशेजारी. निळा रंग उडालाय, अंगावर काळी धूळ बसते. कधीमधी बाबा ती पुसतात. फोनवर ते आता "कितवा आलास?" असं विचारत नाहीत.

मित्रांनो, रस्त्याकडेला पडलेली बाटली दिसली तर जरूर उचला, आमचे फार हाल होतात. पण माझी खरी विनंती वेगळीच आहे. तुमचं माणूस कधी घोळक्यात मागे येताना दिसलं, तर तोंड फिरवू नका. आधी त्याला विचारा, की वाटेत तू कुणाच्या दारात थांबला होतास?