चौथा हायड्रोजन

अरे थांबा, मधे बोलू नका, मी तिथे होते, दाराशीच उभी होते, सगळं बघितलं!

नारिन शहरातल्या रसायनशास्त्राच्या स्पर्धेला आपल्या शाळेतून एकच जण जाणार, हे तर माहितीये तुम्हाला. आणि अणू जोडायची ती प्लास्टिकची पेटी शाळेत एकच. उपमुख्याध्यापक तुर्गुनबेक सरांनी ती सरळ भाच्याला, एल्दियारला, घरी दिली. आणि आपल्या वर्गातल्या बेगिमायला म्हणाले, "तू चित्र काढ."

आपली बेगिमाय चित्र काढणार? तिच्या आईने कुरुत वळायला घेतलं होतं, तर हिने दह्याच्या त्या ओल्या गोळ्यांत काड्यापेटीच्या काड्या खुपसल्या आणि छपरावर वाळवल्या. मोठी गोळी कोळशावर घासून काळी केली. म्हणते, "कार्बनला कार्बनच फासला." तिला चार काड्या, चार टोकांना चार छोट्या पांढऱ्या गोळ्या. मिथेन! दगडासारखं टणक.

काल परीक्षा. नारिनहून ओस्मोनाली सर आलेले, पांढरी दाढी, निवड तेच करणार. टेबलावर चहा, सुके जर्दाळू, आणि शेजारीच बेगिमायचं मिथेन. आता मला सांगा, चहाबरोबर समोर कुरुत दिसल्यावर आपल्याकडे कोण विचारतं? सर चष्मा लावून एल्दियारचा कागद वाचतायत, हात आपोआप गेला, कट्! एक हायड्रोजन तोंडात.

सगळ्यांनी पाहिलं. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

मग बेगिमायची पाळी. तुर्गुनबेक सर उठले. "हे काय?"

"मिथेन."

"हायड्रोजन किती असतात?"

"चार."

"इथे तर तीनच आहेत! मोजता येत नाही आणि नारिनला निघाली!"

आपल्या केन्जेगुल बाई तिच्या कानाशी पुटपुटल्या, "पोरी, चुकून एक राहिला म्हण आणि मोकळी हो. पाहुण्यांची अब्रू आहे गं."

"नाही म्हणणार, बाई. कार्बनचे बंध चार. मी चारच जोडले होते."

"मग चौथा कुठंय?" तुर्गुनबेक सर ओरडले.

"ओस्मोनाली सरांच्या गालात."

देवा रे! आणि ओस्मोनाली सरांना बोलता येईना, कुरुत काय पटकन विरघळतं? नुसतं या गालातून त्या गालात.

"वडीलधाऱ्यांवर आळ घेतेस? माफी माग!"

"मागते की. खारट झालं असेल तर त्याची मागते. पण कार्बनचे बंध तीन करून देणार नाही."

"नापास! चल, बाहेर हो!"

हलली नाही ती. बशीतला जर्दाळू उचलला, मोकळ्या काडीवर टोचला. "कार्बनचा एक हात रिकामा झालाय ना, तो तसा राहत नाही, दिसेल त्याला धरतो. हा क्लोरीन समजा. आता हे क्लोरोमिथेन."

ओस्मोनाली सर चघळायचे थांबले. बघतच राहिले. मग मुद्दाम, अगदी सावकाश, दुसरी गोळी तोडून तोंडात टाकली आणि त्या काडीवर स्वतः जर्दाळू टोचला. भुवया वर करून बेगिमायकडे बघितलं.

"डायक्लोरोमिथेन."

तिसरी कट्.

"ट्रायक्लोरोमिथेन. क्लोरोफॉर्म पण म्हणतात."

चौथी! दोन्ही गाल फुगलेले.

"टेट्राक्लोरोमिथेन. चार जण बदलले, सर, पण हात चारच."

सरांनी घोट घोट चहा पीत सगळं गिळलं. मग एल्दियारला विचारलं, "बाळा, तुझ्या पेटीतला एक हायड्रोजन काढून क्लोरीन लावला तर?"

एल्दियारने मामाकडे बघितलं. मामाने छताकडे.

"ही येईल नारिनला," ओस्मोनाली सर म्हणाले. मग मधल्या काळ्या गोळीकडे बोट केलं. "हा पण खाऊ का?"

"नको सर, कोळसा आहे."

काय हसले ते! आणि निघताना तुर्गुनबेक सर आपणहून ती पेटी घेऊन आले. गोड आवाजात, "घेऊन जा हो, शाळेच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

बेगिमायने पेटीला हातही लावला नाही. "राहू द्या, सर. मी पुन्हा कुरुतच वाळवीन. या वेळी खायला वेगळं नेते, एवढंच."