सळई नव्हे, गज

मी गज बोलतोय. बोलायची हौस मुळीच नाही. पण गेल्या महिन्यापासून रोज कोणीतरी घरात येतं, मला दाराआडून ओढून काढतं, उलटासुलटा करून मोबाईलनं फोटो घेतं, आणि शेवंती दर माणसाला निराळी गोष्ट सांगते. परवा एकाला म्हणाली, हा आमच्याकडे वाडवडिलांपासून आहे. डोंबल. म्हणून आता मीच सांगतो. एकदाच सांगेन, मग मला होतो तिथं ठेवा.

आधी एक गोष्ट. मला सळई म्हणायचं नाही. सळई ती, गज तो. मी तो आहे.

भांडुपच्या एका कारखान्याच्या स्लॅबमध्ये माझी तीसेक वर्षं गेली. डोक्यावर मशिनी धडधडायच्या, मी खाली गप भार धरून. आमच्या वेळचे गज गुळगुळीत असायचे, आताच्या पोरांसारखे अंगाला पीळ पाडून आलेले नव्हते. पुढं कारखाना बंद पडला, टॉवर उभा करायचा म्हणून स्लॅब फोडला, आणि मी हातगाडीवरून मानखुर्दच्या एका भंगारवाल्याकडे येऊन पडलो.

तिथून मला गुणाजीनं उचललं. गुणाजी कॅडी. म्हणजे गोल्फच्या मैदानात मेंबर लोक फिरायचे आणि त्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन हा त्यांच्यामागं चालायचा. मैदान त्याच्या झोपडीपासून जवळ, पण आत खेळायला मिळायचं फक्त सोमवारी. त्या दिवशी मेंबरांना सुट्टी आणि कॅडींना गवत.

त्याच दिवसांत रिओचं ऑलिम्पिक चालू होतं. एकशेबारा वर्षांनी गोल्फ परत ऑलिम्पिकात आलं, हे गुणाजीनं कॅडींच्या शेडमधल्या टीव्हीवर पाहिलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "गो शेवंती, आपलो खेळ ऑलिम्पिकात इलो."

शेवंती भाकरी थापत होती. "आपला? तुम्ही तर पिशवी उचलता."

"मी उचलतंय. प्रांजल खेळतली."

प्रांजल त्यांची पोरगी, तेव्हा दुसरीत. पुढचे दोन दात पडलेले. तिच्यासाठी दादू ग्रिलवाल्याच्या दुकानात मला तापवलं, टोकाला वाकवलं, घण घालून चपटं केलं. वरच्या टोकाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. दुखलं. पण लोखंडानं रडायचं नसतं, एवढं मला कळतं.

मग गल्लीत आमचं मैदान झालं. पहिला होल गटाराच्या फुटक्या झाकणात, दुसरा नळाखाली, तिसरा ऑटोवाल्या मिथुनच्या पायरीशी. चेंडू प्लॅस्टिकचा. गल्ली एवढी अरुंद की वर आभाळाच्या जागी पत्रेच. चेंडू उंच गेला की पत्र्यावर ठण्ण, आणि आतून मिथुनची आई बाहेर, "कोण रे तो मेल्या?" त्यामुळं प्रांजल शिकली ती चेंडू जमिनीला धरून न्यायला. हात खाली, मनगट घट्ट, आणि चेंडूला लागलं की मला वर झुलू न देता तिथंच थांबवायचं. ह्या फटक्याला आमच्यात 'पत्र्याखालचा' म्हणतात.

आणखी एक कायदा होता. गटारमाफी. चेंडू घाणीत पडला की उचलायचा, फ्रॉकला पुसायचा, तिथंच ठेवायचा आणि पुढं खेळायचं. कोणी काही बोलायचं नाही. घाणेरडा चेंडू मारला की घाण आपल्याच तोंडावर उडते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. हा कायदा पुढं कसा नडला ते सांगतो.

पोरगी बारा-तेराची झाली तेव्हा ऑगस्टीन मास्तरनं तिला सोमवारी मैदानात पाहिलं. मैदानातला शिकवणारा, कुर्ल्याच्या जुन्या गावठाणातला, टोपी वाकडी, तोंड त्याहून वाकडं. पण पोरीला फुकट शिकवायला तयार झाला, हे मी नाकारत नाही. जुन्या काठ्याही त्यानंच मिळवून दिल्या. पहिल्याच दिवशी तिचा फटका बघून म्हणाला, "हात कुणी नासवला हिचा?"

गुणाजीनं मला पुढं केलं.

"ह्या सळईनं? गुणाजी, ही पोरगी आहे की स्लॅब भरणारा?"

सळई म्हणाला. तेव्हापासून मोजतोय मी.

ऑलिम्पिकचं तेवढं सोपं नाही, हे मास्तरनंच घरी येऊन समजावलं. नुसतं आपल्या देशानं निवडून चालत नाही. जगाच्या क्रमवारीत नाव वर लागतं. क्रमवारीसाठी बाहेरच्या स्पर्धा खेळाव्या लागतात, बाहेर जायला शिबिरात नाव लागतं, शिबिरासाठी चाचणी. आणि बाकीच्या मुली रोज गवतावर खेळतात, आमची सोमवारची. शेवंती म्हणाली, "मग बाकीचे सहा दिवस?" प्रांजल म्हणाली, "गल्ली आहे ना." सहा दिवस मी होतो. हे लिहून ठेवा.

चाचणी ह्या हिवाळ्यात झाली. पहिल्या चार मुली शिबिरात जाणार. पिशवीत चौदा काठ्या चालतात, तिच्याकडे जेमतेम नऊ, म्हणून तिनं मलाही आत सारलं. पंच म्हणाला, बाळगा, पण ह्यानं मारायचं नाही. बरं, मी काय तुमच्याकडे काम मागायला आलो होतो? गुणाजी तिचा कॅडी. आयुष्यात पहिल्यांदा घरचीच पिशवी त्याच्या खांद्यावर होती, आणि चालताना त्याची मान सरळ होती.

पोरगी झकास खेळत होती. शेवटून तिसऱ्या होलला तिचा चेंडू पाइपच्या पाण्यानं झालेल्या चिखलात बसला. ती गेली, वाकली, चेंडू उचलला, टी-शर्टच्या टोकाला पुसला, होता तिथं ठेवला. गटारमाफी. डोक्यात विचारच नाही, हातानं आपलं केलं.

बरोबरची मुलगी बेव्हर्ली म्हणाली, "तू बॉल उचललास?"

"हो. चिखल होता ना."

पंच आला. एक फटका दंड. चौथ्या नंबरावरून पोरगी खाली आली. पुढचा होल नेमून दिलेल्या फटक्यांत झाला. आता शेवटचा होल नेमून दिलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन संपवला, तरच शिबिर. नाहीतर पुढची चाचणी कधी, देव जाणे.

मास्तर दोरीपलीकडून चालत होता. तो तरातरा आला, पोरीवर ओरडवेना म्हणून गुणाजीवर उखडला. "शंभरदा सांगितलं, गल्लीचे कायदे इथं चालत नाहीत. सगळी ह्या सळईची करणी." आणि पिशवीतून मला उपसून समोरच्या आंब्यांत भिरकावलं. चारचौघांत. मी बुंध्याशी पालापाचोळ्यात पडलो.

थोड्या वेळानं माझ्यापासून हातभर अंतरावर चेंडू येऊन थांबला. प्रांजलचा. पहिलाच फटका वाकडा गेला होता. मागोमाग दोघं आली. समोर झेंडा दिसत होता, पण मधे फांद्या डोक्याएवढ्या उंचीवर आडव्या.

गुणाजी म्हणाला, "बाजूक काढ गो, बाय. दुसरी वाट नाय."

पोरीनं फांद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, हा पत्र्याखालचा आहे."

"हय पत्रो खय आसा?"

"फांदी म्हणजे पत्रा. मिथुनच्या आईचा."

गुणाजी हसला. त्यानं मला अलगद बाजूला घेतलं. पोरीनं हात खाली केले, मनगट घट्ट केलं, मारून काठी तिथल्या तिथं थांबवली. चेंडू फांद्यांखालून सरपटत सुटला, उतार चढला, झेंड्यापासून दोन पावलांवर बसला. पुढचा फटका आत.

दंड धरून चौथी.

मास्तरनं गुणाजीला मिठी मारली, डोळे पुसले, आणि एका पत्रकाराला सांगितलं, "ह्याला इंग्रजीत 'पंच शॉट' म्हणतात, ठोसा दिल्यासारखा. मी घोटून घेतलाय तिच्याकडून." प्रांजल मला हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "सर, ह्याला तुम्ही फेकलंत."

"अगं, सळईला काय लागतंय?"

आता पोरगी शिबिरात आहे. पुढं बाहेरच्या स्पर्धा, मग क्रमवारी, मग ऑलिम्पिक. वाट लांब आहे, पण पोहोचेल. ती फांद्यांखालून निघाली, विमानतळावरून निघायला तिला काय होतंय. मैदानवाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे, सोमवारला जोडून आणखी एखादा वार द्या. गल्लीत अजून बरेच हात तयार होतायत.

मी ठीक आहे. शेवंती माझ्यानं उंच दोरीवरचे कपडे काढते. गेल्या रविवारी मास्तर चर्चमधली मिसा आटपून आला, चहा प्यायला, मला उचलून गल्लीतल्या पोरांना पत्र्याखालचा करून दाखवला. बरा जमला त्याला. मग मला भिंतीला टेकवून म्हणाला, "काय सळई आहे."

पोरीनं जेवढं दाखवायचं तेवढं दाखवलं. माझी माफी मागायची मात्र राहिली आहे. ते देणं आहे एकाच माणसाचं, कुर्ल्याच्या गावठाणातल्या ऑगस्टीन कोलासोचं.