नवनाथचे बहात्तर गुण

गहिनीनाथभाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसून नवनाथला अकरा वर्षं झाली होती. आता तो अडतीसचा होता. भाऊ पंचायत समितीचे भावी सदस्य होते; तीन निवडणुका झाल्या, तरी भावीच. त्यांच्या वाढदिवसाचा बॅनर मांजरसुंब्याच्या चौकात बांधायचा, केकभोवती माणसं कमी पडू द्यायची नाहीत आणि भाऊ बोलायचे थांबले की सगळ्यांच्या आधी टाळी वाजवायची, ही नवनाथची कामं.

एका रविवारी भाऊंच्या कानावर आलं की सौरभच्या ढाब्यामागच्या खोलीत दर आठवड्याला एक गट जमतो. दार लोटून बसतात, नकाशे काढतात. गट म्हटलं की भाऊंना मतं दिसायची.

"चल बे," ते म्हणाले, "बघू कावून जमतेत."

आत तिघंच होते. ढाबेवाला सौरभ, त्याची बायको मंजुषा आणि बीडच्या दवाखान्यात रक्त तपासणारी पंचशीला. पुण्यात शिकताना ती हा खेळ शिकली होती. आपण एक माणूस रचायचा आणि ती सांगेल त्या गोष्टीत त्याला जगवायचं. भाऊ खुर्ची ओढून बसले. पंचशीलानं दोघांपुढे एकेक कागद ठेवला.

"सहा रकाने आहेत. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप. प्रत्येक खेळाडूला बहात्तर गुण. कुठं किती टाकायचे ते तुम्ही ठरवा. एका रकान्यात जास्तीत जास्त अठरा."

"मॅडम," नवनाथनं भीतभीत विचारलं, "बुद्धी आन् शहाणपण येगळं असतं?"

"फॉर्म भरता येणं ही बुद्धी. कुठल्या फॉर्मवर सही करू नये हे कळणं, ते शहाणपण."

नवनाथ कागदाकडे बघत राहिला. अख्खे बहात्तर आणि सगळे त्याचेच. त्यानं पंगतीत वाढावं तसे सगळीकडे बारा-बारा वाढले आणि कागद लांब धरून बघितला. रचलेला माणूस त्याला आवडला.

भाऊंनी मात्र सहाही रकान्यांत अठरा लिहिले.

"एकशे आठ होतात, भाऊ," पंचशीला म्हणाली. "छत्तीस जास्त."

"मग वाढवून द्या की."

"कुणालाच वाढवून मिळत नाहीत."

"वर कुणाशी बोलावं लागंल?"

"वर कुणी नाही. मीच आहे."

भाऊंनी क्षणभर विचार केला आणि नवनाथच्या कागदाकडे नजर टाकली. "नव्या, तुला एवढी बुद्धी घेऊन कुठं जायचंय? मी हाय ना तुझ्यासाठी."

पंचशीलानं नवनाथकडे बघितलं. "तुमची हरकत नसेल तर तुमचे गुण द्या. असेल तर देऊ नका."

नवनाथची हरकत होती. पण अकरा वर्षांत ती कुणी विचारली नव्हती, त्यामुळं ती नेमकी कुठून बाहेर काढायची ते त्याला सुचेना. त्यानं खोडरबर घेतला आणि बाराचे सहा केले. सहाही रकान्यांत.

खेळ सुरू झाला. एका कुलूपबंद किल्ल्यात शिरायचं होतं. सौरभ आणि मंजुषाची माणसं किल्ल्याच्या दुसऱ्या दाराकडे गेली. भाऊ आणि नवनाथ एका जुन्या बारवेपाशी आले; तिच्या तळाशी चावी होती. पायऱ्या शेवाळल्या होत्या. नियम सोपा होता. वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा आपल्या गुणाइतका किंवा कमी पडला की जमलं. भाऊंनी मोठ्या दिमाखात फासा टाकला. वीस पडला.

"घसरलात. तळाशी आहात, पाय मोडलाय."

"फाशात घोळ हाय!" भाऊ ओरडले. "मोजणी पुन्हा करा!"

"आता तुम्ही, नवनाथदादा. ओढायचंय वर?"

नवनाथनं फासा टाकला. अकरा.

"ताकद सहा. दोर सुटला." पंचशीला थोडी थांबली. "बारा असती तर भाऊ वर निघाले असते."

बारवेत आणखी कोण आहे, असं भाऊंनी विचारलं. एक कासव आहे, असं कळल्यावर त्यांनी कासवापुढे भाषण केलं. छाप अठरा, फासा चारचा. कासवाला सगळं पटलं, ते भाऊंच्या पक्षात आलं. पण वर काढणं त्याच्या हातात नव्हतं.

"नवनाथदादा, तुम्ही काय करता?"

"भाऊ, काय करू?" नवनाथनं सवयीनं विचारलं.

"त्यांना तळाशी वरचं ऐकू येत नाही," पंचशीला म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा."

नवनाथनं आपला कागद पुन्हा वाचला. मग म्हणाला, "गावात जातो. माणसं बोलावतो." छाप सहा. फासा पडला पाचचा. नवनाथनं आकडा दोनदा वाचला. त्याचं कुणी ऐकलं होतं! दहा माणसं दोर घेऊन धावली आणि भाऊ वर आले.

वर येताच भाऊ गावकऱ्यांना म्हणाले, "बगा, मी अख्खं गाव एकत्र आणलं!"

टाळीची वेळ होती. नवनाथचे हात मांडीवरच राहिले.

"भाऊ," तो म्हणाला, "माजे छत्तीस वापस द्या."

"आरं, तुझं-माझं काय येगळं हाय? बघू दिवाळीनंतर."

पुढच्या रविवारी नवनाथ वडापच्या जीपनं एकटाच आला. नवा कागद मागून घेतला आणि पेन्सिल धरून बसला. मधे भाऊंचा फोन आला. चौकातला बॅनर वाऱ्यानं फाटला होता. तिसऱ्यांदा वाजल्यावर नवनाथनं उचलला.

"भाऊ, मी कामात हाय," म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

"झालं का, दादा?" मंजुषानं चहा ठेवत विचारलं.

"येळ लागंल," नवनाथ म्हणाला. छापेत तेरा टाकावेत की चौदा, ते त्याचं अजून ठरत नव्हतं.