डावा गुडघा

तात्यारावांनी कटिंगचा ग्लास कट्ट्यावर असा आपटला की उरलेला चहा दशरथच्या पँटवर उडाला.

"शिवाला ढोंगी म्हणालास? परत म्हण."

"म्हणतो की! ढोंगीच आहे." दशरथ पँट झटकत म्हणाला. "देशाचं शिबिर लागलं की याचा गुडघा दुखतो, आणि क्लबची मॅच आली की हा ठणठणीत. वर गोल पण मारतोय. असला सोयीचा गुडघा आम्हाला पण द्या म्हणावं, ऑफिसला दांड्या मारायला बरा पडेल."

कट्टा खो खो हसला. कामावरून परतलेली राजश्री बापाला घरी न्यायला म्हणून दुकानाच्या पायरीपाशी थांबली होती, तिने मान दुसरीकडे वळवली. केबिन रोडवर जितेंद्रभाईंचं होजिअरीचं दुकान होतं आणि त्याच्यापुढे रोज संध्याकाळी हा कट्टा भरायचा. जितेंद्रभाई मोजे विकता विकता फुटबॉलवर बोलत, की फुटबॉलवर बोलता बोलता मोजे विकत, हे त्यांच्या गिऱ्हाइकांनाही कधी कळलं नाही.

"प्लेअर एक नंबर छे, तात्या," जितेंद्रभाई काउंटरवरून म्हणाले, "पण कॅरॅक्टर नाय. अने बेस्ट प्लेअरचा अवॉर्ड कोण देते? सगळ्या टीमचे कॅप्टन लोक. त्यांना सगळा माहीत असते."

"अवॉर्ड शिवालाच मिळणार. आणि तो ढोंगी नाही, हे पण मी सांगतो!"

"पुरावा?" दशरथने हात पुढे केला.

कट्ट्याचा हा नियमच होता. छातीठोक काही बोललात तर पुरावा द्या, नाहीतर सगळ्यांना कटिंग पाजा. त्या मोसमात तात्याराव शिवापायी इतक्यांदा हरले होते की चहावाला आता त्यांना विचारायच्या भानगडीत पडत नसे, सरळ ग्लास मांडायला घ्यायचा. आजही त्याने तेच केलं. तात्यारावांनी खिशात हात घातला, तेव्हा राजश्रीला वाटलं, पुढे व्हावं आणि या दशरथकाकांना चांगलं सुनवावं. सुनवण्यासारखं तिच्यापाशी होतंही. पण तिने ओठ घट्ट मिटले आणि पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

तात्याराव मूळचे जालन्याचे. उभा जन्म परळच्या छापखान्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर भाईंदरला दोन खोल्या घेतल्या. बायको त्या खोल्यांत जेमतेम वर्षभर नांदली आणि गेली. मग त्यांच्या आयुष्यात उरले दोघं, मुलगी आणि शिवा. काशीमिऱ्याच्या एका गॅरेजवाल्याचा हा पोरगा शाळेच्या स्पर्धेत अनवाणी खेळताना त्यांनी पाहिला होता, आणि मैदानावरच्या चार लोकांना सांगितलं होतं, "हा इंडियाकडून खेळणार, बघाल तुम्ही." आणि पोरगा खेळला की हो! तात्यारावांनी जन्मात पुष्कळ भाकितं केली, खरं ठरलं ते हे एकच. त्यामुळे शिवाला कोणी बोललं की ते थेट तात्यारावांच्या काळजाला लागायचं.

आणि या शिवाचा गुडघा दर मंगळवारी दुपारी राजश्रीच्या हातात असायचा.

मीरा रोडला सरोजा मॅडमचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं, तिथे ती नोकरीला होती. दुपारी क्लिनिक बंद असताना मागच्या दाराने, टॉवेल वाळत घातलेल्या दोऱ्यांखालून, टोपी आणि मास्क लावलेला एक माणूस वाकून आत यायचा. गुडघ्याचा लिगामेंट अर्धा फाटलेला. क्लबच्या डॉक्टरला कळलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवला असता, आणि मोसम संपताच करार संपला असता. "एवढा मोसम काढून द्या, मॅडम," तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मग ऑपरेशन करतो, वर्षभर झोपून राहतो, तुम्ही म्हणाल ते." शिबिर आणि क्लब दोन्ही त्या गुडघ्याला झेपणार नव्हतं, म्हणून गुडघा जरा दुखतोय एवढंच सांगून शिबिर सोडलं. शिव्या खाल्ल्या, पण खरं काय ते सांगितलं नाही.

दुखणं होतं डाव्या गुडघ्याला. खेळताना तो पट्टी बांधायचा उजव्याला. ही युक्ती राजश्रीची. मारणारा पट्टी बघून मारतो, हे तिला ठाऊक होतं. बोलता बोलता शिवा तिलाही मॅडम, मॅडम करत हसायचा, तिच्या बाबांची चौकशी करायचा. तिनेच एकदा सांगितलं होतं की तिचे बाबा त्याच्यापायी रोज भांडतात. "मग त्यांना जर्सी द्यायला पाहिजे एक," तो म्हणाला होता. सरोजा मॅडमने मात्र सुरुवातीलाच बजावलं होतं, "राजश्री, भिंतीलासुद्धा कळता कामा नये." आणि तिने भिंतीला कळू दिलं नव्हतं. घरी बाप टीव्हीपुढे जीव टाकत असायचा, आणि ती खाली मान घालून कांदा चिरत बसायची.

त्या संध्याकाळी तात्याराव जेवेनात. भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला.

"माझंच चुकत असेल गं राजू," ते म्हणाले. "असेल पोरगा तसलाच. पैसा आला की माणसं बदलतात. मीच आपला म्हातारा, उगाच भांडतोय."

शिव्या दिल्या असत्या, आरडाओरडा केला असता, तर तिने निभावून नेलं असतं. पण बापाचा हा पडलेला आवाज तिला सोसेना. आई गेली त्या आठवड्यात तो आवाज या घरात होता, त्यानंतर आजच.

"बाबा, तो ढोंगी नाहीये."

"तू कशाला समजूत घालतेस?"

"समजूत नाही घालत. माझ्याकडे येतो तो. मी बघते त्याचा गुडघा." आणि मग एकदा बांध फुटल्यावर तिने सगळंच सांगितलं, डावा, उजवा, पट्टी, शिबिर, करार.

तात्यारावांचे डोळे भरून आले. त्यांनी ताट पुढे ओढलं आणि तो मोडलेला तुकडा तोंडात घातला.

"बाबा, हे कोणाला म्हणजे कोणालाही सांगायचं नाही. माझी नोकरी जाईल. त्याचं तर सगळंच जाईल."

"येडी का काय तू!" त्यांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं आणि गळ्याला चिमूट लावली. "तुझ्या आईची शप्पथ."

राजश्रीने त्यांना दुसरी भाकरी वाढली. किती दिवसांनी तिलाही पोटभर जेवावंसं वाटलं.

सेमीफायनल रविवारी होती. जितेंद्रभाईंनी दुकानातला टीव्ही दारात आणून ठेवला आणि अर्ध्या केबिन रोडची वाट अडवली. तात्याराव पहिल्या खुर्चीत, खुशीत. गेले काही दिवस ते असेच खुशीत होते आणि गंमत म्हणजे दशरथकाका त्यांना आपणहून चहा पाजत होते. राजश्रीने त्याचा फार विचार केला नाही. बाप हसतोय एवढंच तिला पुरेसं होतं.

खेळ सुरू होतो न होतो तोच समोरच्या संघाचा उंच बचावपटू शिवावर धावून आला. पट्टी उजव्या गुडघ्यावर पांढरीशुभ्र दिसत होती. त्याने पट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ डाव्या गुडघ्यावर बूट घातला.

"अरे फाउल! आंधळा आहेस काय!" तात्याराव खुर्चीतून उठले.

एखाद्या वेळी होतं असं, राजश्रीने मनाशी म्हटलं. थोड्या वेळाने दुसरा आला, तोही डाव्यावर. मग पुन्हा तो उंच. पट्टी उजवीकडे आणि मार डावीकडे. हे ठाऊक कोणाला होतं? शिवाला. सरोजा मॅडमला. तिला. आणि मग तिने बापाच्या पाठीकडे पाहिलं.

शिवा पडला तो उठलाच नाही. स्ट्रेचर आलं. जितेंद्रभाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि हळूच म्हणाले,

"तात्या, तुमची खबर एकदम पक्की निघाली. डावाच."

"मी आपल्या फॅन ग्रुपमध्ये टाकली ना," दशरथ म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. "त्याला ढोंगी म्हणणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून टाकली हो. तिथून कुठे कुठे गेली कोण जाणे. वर लिहिलं पण होतं, घरातलाच पुरावा आहे, तात्यांची मुलगीच ट्रीटमेंट देतेय."

तात्याराव काही ऐकतच नव्हते. ते पंचांना शिव्या देत होते.

राजश्री तिथून निघाली. खाली मान घालून, भाजीवाल्यांच्या गाड्यांमधून वाट काढत ती घरी आली आणि मोरीत जाऊन रडली. शत्रूने दगा दिला असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. आईची शपथ घेतलेल्या बापाला काय म्हणणार? दगा द्यायचा त्याच्या मनातही नव्हतं, हे तर सगळ्यात वाईट होतं.

मंगळवारी शिवा आला. मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने, कुबड्यांवर, मास्क न लावता. बाहेर बसलेले पेशंट उभे राहून बघायला लागले. सरोजा मॅडमने त्याला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

"तपासायचं नाहीये," तो राजश्रीला म्हणाला. "ऑपरेशन ठरलंय. क्लबने सांगितलं, पुढच्या मोसमाचं बघू नंतर. म्हणजे काय, कळलंच."

तिने खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. तो बसला नाही.

"मॅडम, एकच विचारतो. कोणी पैसे दिले का तुम्हाला?"

"नाही! शप्पथ नाही."

त्याने एक कुबडी टेबलाला टेकवली.

"पैसे घेतले असते ना, तर समजलो असतो. ज्याची त्याची गरज असते." मग त्याने खांद्यावरच्या पिशवीतून एक घडी केलेली जर्सी काढली आणि टेबलावर ठेवली. "ही मागच्या मंगळवारीच आणली होती, द्यायची राहून गेली. आता घरी नेऊन काय करू? ठेवा."

बाबांनी तुझ्यासाठीच केलं रे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण त्याने काय झालं असतं? तो कुबड्या सावरत निघून गेला. सरोजा मॅडमने दार उघडं धरलं होतं, ते त्यांनी बंद केलं नाही.

"तू पण निघ, राजश्री," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

घरी तात्याराव टीव्हीपुढे होते. अवॉर्ड दुसऱ्याच कोणाला तरी जाहीर झालं होतं. त्यांनी टीव्ही बंद केला.

"जाऊ दे," ते म्हणाले. "अवॉर्ड काय, येतं जातं. पण कट्ट्यावर आता कोणाची हिंमत नाही त्याला ढोंगी म्हणायची. दशरथ स्वतः म्हणाला, तात्या, पोरगा सोनं आहे. माणसाची अब्रू राहिली म्हणजे झालं. काय?"

राजश्रीने जर्सी त्यांच्यापुढे धरली. पाठीवर काळ्या मार्करने लिहिलं होतं, 'तात्याकाकांना. माझ्यासाठी भांडलात, म्हणून. शिवा.'

तात्यारावांनी ते दोनदा वाचलं. मग लहान पोरासारखी घाई करत त्यांनी बनियनवरच ती जर्सी चढवली. पोटावर घट्ट बसत होती, तरी खाली ओढून ओढून घेतली.

"आयला! त्याला माझं नाव कसं कळलं गं?"

"मीच सांगितलं होतं."

"बघ! म्हणजे आपल्या शब्दाला किंमत आहे." ते आरशात वळून वळून पाठ बघू लागले. "थांब, कट्ट्यावर दाखवून येतो. आणि ऐक राजू, ऑपरेशननंतर तो परत तुझ्याकडेच येईल ना? त्या मंगळवारी मी पण येतो क्लिनिकला. बोलणार नाही, काही नाही. रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो, नुसतं लांबून बघतो."

राजश्रीने पर्समधून क्लिनिकचा पांढरा कोट काढला, खिशातलं पेन बाजूला ठेवलं आणि कोट बादलीत भिजत घातला.

"मंगळवारी मी घरीच असेन, बाबा."

"सुट्टी आहे?"

"नाही."

"मग?"

"कट्ट्यावर विचारा. त्यांच्याकडे पुरावा आहे."

ती साबणाचा चुरा पाण्यात ढवळत राहिली. तिने वळून पाहिलं, तेव्हा ते जर्सी काढत होते. दोन्ही हात वर, डोकं आतच अडकलेलं. ती मदतीला उठली नाही. तेही तसेच उभे राहिले, आणि डोकं बाहेर काढायची त्यांना काही घाई दिसेना.