चिंधूची कुजबूज

भिवंडीत कामतघरच्या पॉवरलूमच्या खडखडाटात सहा वर्षं बारा-बारा तासांची ड्युटी करून चिंधूचे कान कामातून गेले होते, पण हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आपण कुजबुजतो अशी त्याची पक्की समजूत. चाळीतल्या बारा खोल्यांना त्याचा संसार तोंडपाठ होता.

लग्नाला वर्ष झालं तेव्हा गोदूने सुक्या बोंबलाचं कालवण केलं. चिंधू तिच्या कानाशी वाकला आणि गरजला, "गोदू, काय चव हाय गो तुझ्या हाताला! कालवण संपलं, आता बोटं चाटू दे!"

भिंतीपलीकडे कुणाचं तरी भांडं पडलं.

सकाळी नळावर शेजारच्या ठकुबाईने विचारलं, "काय गो, बोटं हायती ना जाग्यावर?" बायका हसून हसून आडव्या झाल्या. गोदू तणतणत घरी आली आणि नवऱ्याच्या कानात ओरडली, "आजपासून माझी तारीफ केलीत तर बघा!"

चिंधू गुणी. खाली मान घालून जेवायचा, उठायचा. तिसऱ्या दिवशी गोदू नवं लुगडं नेसून त्याच्यापुढून उगाच तीनदा गेली. गडी भिंतीकडे बघत बसला. गोदूला जेवण गोड लागेना.

चौथ्या दिवशी ठकुबाईच दारात. "भांडलीस का गो? तुझ्या दादल्याचं आयकून आमचा बी चार गोड शब्द बोलाया लागलेला. आता तो बी मुका झाला."

शुक्रवारी लूम बंद. गोदूचं अंग तापलेलं, म्हणून चिंधूच हंडा घेऊन बायकांच्या रांगेत उभा राहिला. चाळीतले बाप्ये फिदीफिदी हसले. तो ढिम्म. भरला हंडा खांद्यावर घेऊन तो दारात आला, तेव्हा गोदूला राहवेना.

"लय गुणाचे तुमी," ती हळूच म्हणाली.

"चुना? चुना न्हाय घरात?"

"गुणाचे!"

"उद्या आणतो."

गोदूने पदर खोचला आणि तापाबिपाची पर्वा न करता बोंबलली, "आवो चिंधू! तुमच्यासारखा नवरा अख्ख्या भिवंडीत न्हाय! लय आवडता तुमी मना!"

नळावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. नवऱ्याचं नाव, तेही चारचौघांत!

चिंधू असा काही लाजला की अख्खा हंडा त्याच्याच लेंग्यावर ओतला गेला. "वरडतेस काय," तो गरजला, "मना हळू बोललेलं बी आयकू येतं!"

चाळ हसून लोळली, गोदूसकट. रिकामा हंडा घेऊन तो ओल्या लेंग्याने परत नळावर गेला, तर ठकुबाईने आपली कळशी बाजूला सारून त्याला रांगेत पुढे घेतलं.