आडव्या दरवाजातलं भोक

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, मला उघडायला येऊ नका. मी आता उघडत नाही आणि बंदही होत नाही. एका घराच्या बोळात भिंतीला टेकून मी उभा असतो. माझ्या कडेवर कुणी ओली छत्री अडकवतं, कुणी दप्तर टेकवतं. माझी एक बाजू भिंतीकडे आहे. तिच्यावर काय आहे ते तुम्हाला दिसणार नाही. म्हणूनच सांगायला बसलो आहे.

मला घडवलं ते एका म्हाताऱ्या सुताराने. माझ्या फळीत एक मोठी गाठ होती. त्याच्या मुलाने ती कापून टाकायचं म्हटलं, तेव्हा सुतार म्हणाला, "राहू दे रे. तिला ठोकून बघ, पक्की आहे. बिचाऱ्याला एक डोळा तरी असू दे." त्या डोळ्यामुळे पुढे माझं बरं चाललं.

एका रंगाऱ्याच्या घरात मागच्या खोलीला मला बसवलं. घरांच्या भिंती रंगवणं हा त्याचा धंदा. त्याची बायको नर्स. कडीचा दांडा जावा म्हणून माझ्या अंगात एक आरपार भोक पाडलं होतं, दोन बोटं सहज जातील एवढं. दरवाजाचं आयुष्य तुम्हाला वाटतं तेवढं कंटाळवाणं नसतं. रागावलेला माणूस मला आपटून जायचा आणि राग गेला की हळूच ढकलून यायचा. मी दोन्ही बाजूंचं ऐकायचो आणि कुणाला काही सांगायचो नाही.

पण दमट हवेत लाकूड पाणी शोषून घेतं आणि फुगतं. मीही फुगायचो आणि चौकटीत अडकायचो. रंगाऱ्याने मला किती वेळा तासलं असेल! शेवटी कंटाळून त्याने प्लास्टिकचा दरवाजा आणला. तो फुगत नाही. तो काहीच करत नाही. मला अंगणात उभं केलं आणि भंगारवाल्याला हाक मारायचं ठरलं.

तेव्हा नर्सबाई बाहेर आल्या. "अहो, त्याला उभं राहता येत नाही म्हणून काय झालं? आडवं पडू दे की."

"आडवा दरवाजा काय कामाचा?" रंगाऱ्याने विचारलं.

"तुमच्या लेकीला विचारा. भिंतीवर रेघोट्या मारते म्हणून रोज ओरडता ना तिच्यावर?"

रंगाच्या रिकाम्या बादल्यांत वाळू भरून माझे पाय झाले. खिडकीजवळच्या कोपऱ्यात मला आडवं ठेवलं. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, दारच झोपवलंत? आता चोर आला तर वाकून येईल हो!" सगळे हसले. मला थोडं लागलं, पण मीही मनातल्या मनात हसलो.

त्या घरातली मुलगी म्हणजे टिकली. खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त तिचे बाबा रागावले की ऐकू यायचं. टिकलीने पहिल्याच दिवशी माझ्या गाठीभोवती मासा काढला. गाठ झाली त्याचा डोळा. मग आई आणि टिकली रोज माझ्याजवळ बसू लागल्या. पानं उलटी ठेवून, वर कागद धरून मेणाचा खडू फिरवला की पानाच्या शिरा उमटतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. त्यासाठी खडू आडवा धरावा लागतो. औषधांच्या रिकाम्या खोक्यांची गाडी व्हायची, कापसाची मेंढरं व्हायची. चुकून कागदाबाहेर गेलेला रंग माझ्यावर राहायचा, आणि आई म्हणायची, "असू दे. त्याला आवडतं." खरंच आवडायचं, मित्रांनो.

पण सगळ्यात मोठा खेळ माझ्याखाली होता.

टिकली माझ्याखाली जाऊन बसायची. तिथे अंधारी गुहा होती. आतून ती बोटांच्या पेरांनी ठोकायची, टक टक. आई वरून विचारायची, "कोण आहे?"

"बेडूक!"

मग आई एक चिठ्ठी लिहायची, तिची सुरळी करायची आणि कडीच्या भोकातून खाली सोडायची. दवाखान्यात हृदयाची रेघ काढणारं यंत्र असतं ना, त्याच्या कागदी गुंडाळीचे उरलेले तुकडे ती आणायची. बारीक गुलाबी चौकटींचे. टिकली बॅटरी लावून अक्षराला अक्षर जोडायची. "बे...डू...क...रा...व... बेडूकराव! अं...घो...ळ... के...ली... का?" आणि मग एकदम किंचाळायची, "नाही केली! बेडकाला काय गरज? तो पाण्यातच असतो!"

टिकली वाचायला शिकली ती अशी, माझ्या पोटाखाली. कधी ती खार असायची, कधी ढेकूण, कधी पोटदुखीचा हत्ती. चिठ्ठीला उत्तर म्हणून ती माझ्या खालच्या बाजूवर चित्रं काढायची. मान वर करून, पाठीवर झोपून. नळाखाली अंघोळ न करणारा बेडूक, गोळी न गिळणारा हत्ती. वरचं जग सगळ्यांना दिसायचं. खालचं फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं. रंगारी सकाळी कामावर जायचा तो दिवेलागणीला यायचा, तोवर गुहा मिटलेली असायची.

मग आईला दूरच्या शहरात मोठ्या दवाखान्यात काम मिळालं. जाताना ती टिकलीला पुन्हा पुन्हा जवळ घेत होती. दारातून वळून ती रंगाऱ्याला म्हणाली, "हिची चित्रं जपा हं. मी येईन तेव्हा सगळी बघायची आहेत मला."

रंगाऱ्याने ते मनावर घेतलं.

एका सुट्टीच्या दिवशी त्याने टिकलीला काकूंकडे पाठवलं आणि बाह्या सरसावून माझ्यापुढे बसला. मऊ फडक्याने त्याने माझी धूळ पुसली. एकेक चित्र असं जपून पुसलं की मला भरून आलं. मग त्याला ते भोक दिसलं. मित्रांनो, रंगाऱ्याला भोक दिसलं की त्याच्या हाताला खाज सुटते. भिंतीतल्या खिळ्याच्या खुणा, भेगा, खड्डे बुजवायला रंगारी एक लगदा वापरतात, त्याला लांबी म्हणतात. त्याने खालून हात घालून भोकाला कागदाचा बोळा लावला, वरून लांबी भरली, पट्टीने सपाट केली आणि वाळल्यावर घासली. इतकी सफाईदार की मलाच माझं भोक सापडेना. मग साऱ्या चित्रांवर त्याने पारदर्शक व्हार्निशचे हात मारले. एकावर एक, शांतपणे. एवढं चांगलं काम त्याने कुणा श्रीमंताच्या घरीही केलं नसेल.

मला ओरडायचं होतं. पण दरवाजा आवाज करतो तो बिजागरीने, आणि माझ्या बिजागऱ्या केव्हाच निघाल्या होत्या.

टिकली आली. "कसं झालंय?" त्याने विचारलं. त्याच्या नाकाला व्हार्निश लागलं होतं आणि डोळे चमकत होते.

टिकलीने जिथे भोक होतं तिथे बोट फिरवलं. मग बाबांकडे पाहिलं. "छान झालंय," ती म्हणाली.

त्यानंतर तिने माझ्यावर खडू फिरवून पाहिला. मेणाचा खडू रंग सोडतो तो खरखरीत जागेवर. गुळगुळीत काचेसारख्या थरावरून तो नुसता घसरतो. तिने खडू डब्यात ठेवला. पुस्तकंही फडताळातच राहिली. संध्याकाळी फोनवर आई विचारायची, "आज काय खेळलीस गं?" आणि टिकली म्हणायची, "काही नाही." रंगारी फोन घेऊन हलक्या आवाजात सांगायचा, "मोठी होतेय आता. खेळातून लक्ष उडालंय तिचं. वाचायला बस म्हटलं तरी बसत नाही."

हळूहळू माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचे ढीग आले. मग इस्त्री आली. मी चकचकीत होतो, एक ओरखडा नव्हता माझ्यावर, आणि मी असा एकटा कधीच पडलो नव्हतो. अंगणात भंगारवाल्याची वाट बघतानासुद्धा नाही. मी चौकटीत असताना लोक माझ्यातून जायचे, गुहा असताना गोष्टी जायच्या. आता माझ्यातून काहीच जात नव्हतं.

फक्त एक गोष्ट रंगाऱ्याला माहीत नव्हती. तो न्हाणीघरात असला की टिकली माझ्याखाली सरकायची. कागदाचा बोळा तिने केव्हाच काढला होता. पेन्सिलीच्या टोकाने ती लांबी टोकरायची. टोक मोडायचं, लांबी हलायची नाही. चांगल्या कारागिराचं काम होतं ते. मग ती पेन्सिल बाजूला ठेवून ठोकायची, टक टक. वरून कुणी विचारायचं नाही. थोडा वेळ थांबून ती बाहेर यायची.

एके संध्याकाळी रंगारी माझ्यावर सदऱ्याला इस्त्री करत होता. टिकली खाली आहे हे त्याला माहीत नव्हतं. आणि तो वर आहे हे विसरून तिने ठोकलं. टक टक.

दारावर ठोकलं की माणूस काय म्हणतो? विचार न करता त्याच्या तोंडून निघालं, "कोण आहे?"

 खालून अगदी बारीक आवाज आला, "खार."

रंगाऱ्याची इस्त्री थांबली. "खार? कुठली खार?"

"चिठ्ठी टाक ना."

"कसली चिठ्ठी गं?"

"दारातून येते ती. आई टाकायची."

"दारातून कुठून?"

"भोकातून." थोडं थांबून ती म्हणाली, "तूच बुजवलंस ना, बाबा." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

त्याने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि वाकला. मग गुडघ्यावर आला, आणि शेवटी तो एवढा मोठा माणूस पाठीवर झोपून माझ्याखाली सरकला. पाय बाहेरच राहिले. टिकलीने बॅटरी वर धरली. तिथे बेडूक होता, हत्ती होता, ढेकणांचं लग्न होतं. व्हार्निशचा थेंबही तिथवर पोचला नव्हता. आणि मधोमध, भोकाच्या जागी, पेन्सिलीने टोकरलेले बारीक बारीक खड्डे होते. काही काळे, काही रंगीत पेन्सिलीचे तांबडे.

त्याने त्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "सांगायचं नाहीस का गं मला?"

"तू किती छान केलं होतंस."

रंगाऱ्याने पट्टी आणि हातोडी आणली. आपणच भरलेली लांबी आपणच फोडायला त्याला चांगला घाम आला. "कुणी भरली ही मेली!" असं तो पुटपुटला तेव्हा टिकली खुदकन हसली. लांबीचा तुकडा निसटून खाली पडला आणि माझ्यातून पुन्हा हवा गेली. मग पॉलिश पेपर घेऊन त्याने माझी एक कड खरखरीत केली, खडूला धरायला जागा म्हणून.

"जा आत," तो म्हणाला.

टक टक.

"कोण आहे?"

"खार!"

भिंतीवर हात लांबवून ब्रश फिरवायची सवय असलेला माणूस तो. चिठ्ठीत त्याची अक्षरं मावेनात. एक फाडली, दुसरी फाडली. तिसरी कशीबशी सुरळी करून त्याने भोकात सरकवली. खाली टिकलीने बॅटरी लावली आणि वाचली, अक्षराला अक्षर न जोडता, सरळ:

"खारूताई, बाबा बाहेर आहे. आत येऊ का?"

त्या घरात पुढे पुष्कळ गोष्टी झाल्या. आई परत आली, तीही माझ्याखाली आडवी झाली आणि ढेकणांच्या लग्नाला उशिरा आल्याबद्दल बोलणी खाऊन गेली. टिकली वाढली. तिचे गुडघे गुहेत मावेनात, मग ती शिकायला दूर गेली. बादल्यांतली वाळू कुंड्यांत गेली आणि मी या बोळात आलो. हत्ती, बेडूक सगळे भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. दुपारी घरात कुणी नसलं की माझ्या भोकातून वाऱ्याची बारीक शीळ वाजते. टकटक मात्र होत नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, जरूर जपा. पण जपण्याआधी एकदा तिच्याखाली वाकून बघा, कुणी तिथे बसलेलं आहे का ते. आणि तुमच्या घरात एखादा आडवा दरवाजा, टेबल, नाहीतर खोकं असेल, तर आतून ठोका. वरच्या माणसाला खेळ माहीत नसेल. त्याला सांगा.

रंगारी आता थकला आहे. बोळातून जाताना तो भिंतीवर हात फिरवतो, एखादी भेग दिसली की सवयीने थांबतो आणि दुसऱ्या दिवशी ती बुजलेली असते. माझ्यापाशीही थांबतो. भोकात दोन बोटं घालतो, आरपार जातात याची खात्री करतो आणि पुढे जातो.